फ्रिज काढला आणि बोट कलली

माझ्या हत्यारांच्या पिशवीत वीतभर लांबीची एक पाणसळ आहे. काचेच्या नळीतला हवेचा बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की खालची जागा सपाट, एवढंच तिचं काम. फ्रिज बसवताना ती फ्रिजच्या माथ्यावर ठेवायची आणि पायांचे स्क्रू फिरवायचे. पुढचे पाय केसभर उंच ठेवले की दार आपोआप मिटतं. परंड्यात आणि आसपासच्या गावांत चौतीस वर्षं मी हे काम केलं. या काळात पाणसळीने मला एकदाच तोंडघशी पाडलं, आणि तेव्हाही चूक तिची नव्हती.

दुकान चालवत असताना मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्याही पाठवत असे. तालुक्याच्या वार्ताहराला दुसरा धंदा लागतोच. कुणाचं औषधांचं दुकान असतं, कुणाची शिकवणी, माझे फ्रिज होते. आमचे उपसंपादक बातमीत 'प्रचंड' हा शब्द दिसला की फोन करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "प्रचंड म्हणजे किती फूट?" तेव्हापासून मोजून लिहायची सवय लागली. फ्रिजच्या धंद्यात तिचा उपयोग झाला. एकदा झाला नाही, ते पुढे येईलच.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एकच गोष्ट कळली तरी पुरे. फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. म्हणून पाठीमागे हात जाईल एवढी जागा सोडायची. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं आणि प्रत्येकाने मान डोलावली. पुढच्या खेपेला जाळीवर कुणाचे मोजे वाळत असत, कुणाच्या कुरडया. मूळचे लोहाऱ्याचे एक कारकून रोज झोपताना फ्रिज बंद करत. "दिवसभर राबतो, त्यालाही विश्रांती हवी," असं त्यांचं म्हणणं. सकाळी दूध नासलेलं निघालं की ते मला बोलावत आणि मी बटण चालू करून परत येत असे. त्यांना बरं वाटावं म्हणून मी थोडा वेळ मागे काहीतरी खुडबुड करत असे, हेही कबूल करतो.

सोनारीला काळभैरवाच्या देवळाभोवती माकडं पुष्कळ. खोल्या भाड्याने देणाऱ्या तिथल्या एका गृहस्थांनी फ्रिजच्या दाराला कडी बसवून घेतली, कारण माकडं दार उघडत होती. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. माकडं कडीही काढत होती.

"काय काय नेलं?" मी विचारलं.

"नेत काहीच न्हाईत. दार उघडतं आन् समोर बसून राहतं. गार वारं घेतं."

ही बातमी मी पाठवली नाही. किती मिनिटं बसतं, असं उपसंपादकांनी विचारलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे फ्रिज मरत नाही, आडवा होतो. कॉम्प्रेसर गेला की दुरुस्तीचा नाद सोडून लोक फ्रिज पाठीवर झोपवतात. जवळच्या धरणाच्या काठावर असे झोपलेले फ्रिज रांगेने दिसतील. त्यात बर्फ भरतात, वर मासे ठेवतात आणि झाकण लावावं तसं दार लावतात. उभा असताना जेवढी वर्षं चालला, तेवढीच आडवा असतानाही चालतो. जुना फ्रिज बदलताना घरधनी त्याच्या या दुसऱ्या जन्माची सोय आधीच करून ठेवतो, आणि मेकॅनिकने त्यात अडथळा आणायचा नसतो.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर दोन दिवसांनी सुरेखाचा फोन आला. धरणाच्या काठावर मासेमारी करणारं तिचं सासर. वय पस्तीसच्या आसपास.

"काका, फ्रिज बदलायचाय. पण घरातला न्हाय, बोटीतला."

मला वाटलं, तिची चेष्टा चालली आहे. समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या एसटीइतका लांब. पण बोट खरी होती. तिच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, ती कोकणातून जुनी घेतली आणि ट्रेलरवर घालून आणली होती. लांबी अठ्ठावीस फूट, बांधणी फायबरची. आधी ती मासे वाहायला होती. दोन वर्षांपूर्वी सुरेखाने तिचं रूप पालटलं. हिवाळ्यात धरणावर लांबलांबचे पक्षी उतरतात आणि ते पाहायला माणसं येतात. त्यांना दीड तास पाण्यावर फिरवायचं, बोटीतल्याच स्वयंपाकघरात तळलेला मासा आणि गरम भाकरी खाऊ घालायची, असा तिचा बेत. स्वयंपाकघर मागच्या बाजूला डावीकडे, पाच फूट बाय सहा फूट.

मात्र माणसं बसवायची तर परवाना लागतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळी बोट पास केली आणि एका गोष्टीवर बोट अडवली. जुना फ्रिज. साहेब आठ दिवसांनी परत येणार होते, तोवर तो बदलायला हवा होता.

तिचा नवरा पुण्यात एका कारखान्यात नोकरीला. दसऱ्याच्या आत परवाना आला तर ठीक, नाहीतर बोटीला गिऱ्हाईक तयार आहे, विकू आणि तूही पुण्याला ये, असं त्याचं सांगणं होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, कामाची मुदत म्हणून.

"पुण्यात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट काय न्हाय. पण तिथं मी त्यांच्या डब्याची भाकर थापणार. इथं मी बोट चालवते."

फ्रिज पाहिला. एका दाराचा, जुन्या जाड पत्र्याचा, खालून गंजलेला, काठावरून ओढलेल्या विजेवर चालणारा. टेस्टर लावला तर पत्र्याला वीज उतरत होती. ओल्या हाताने दार धरलं की झिणझिण्या. पाण्यावरच्या स्वयंपाकघरात हे चालण्यासारखं नव्हतं. साहेबांचं बरोबर होतं. तात्यांना तसं वाटत नव्हतं. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटक.

"झिणझिण्या येत्यात म्हणून तर चालू हाय हे कळतं, मिस्तरी," ते म्हणाले.

"तात्या, एखादा पाहुणा चिकटला म्हणजे?"

"माझ्या उभ्या जन्मात कुणी चिकटलं न्हाय."

तात्या आणि सुरेखा यांच्यात आणखी एक वाद चालू होता, तो काट्याचा. तात्यांनी चाळीस वर्षं दोन पारड्यांच्या तराजूवर मासे विकले. सुरेखाने विजेवरचा काटा आणला आणि तराजू बंद झाला. मी तिथं असतानाच एका गिऱ्हाइकाला तिने बोटीवर मासा मोजून दिला. बोट हलत होती. काटा नऊशे साठ दाखवी, मग हजार वीस, मग नऊशे नव्वद.

"बघा," तात्या मला म्हणाले, "पाण्यावर आकडा नाचतो. पारडी दोन असली की दोनी संगं हलत्यात, खोटं न्हाय बोलत. ह्यो एकटाच नाचतोय."

त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. ते मी त्याच दिवशी मनावर घेतलं असतं तर पुढचा प्रकार टळला असता.

फ्रिज काढायला गेलो तेव्हा पहिली अडचण कळली. फ्रिजची रुंदी चोवीस इंच, स्वयंपाकघराच्या दाराची एकवीस.

"हा आत आला कसा?"

"तो आधी आला," तात्या म्हणाले. "मग सुताराकडून त्याच्याभवती खोली बांधून घेतली."

खोली कापायची की फ्रिज, एवढाच प्रश्न उरला. साहेबांनी पास केलेल्या भिंतीला हात लावायचा नाही, असं सुरेखाने स्पष्ट सांगितलं. म्हणजे फ्रिज. तात्यांनी तो काठावर आडवा करायची जागाही निवडून ठेवली होती, खाली विटा मांडल्या होत्या. कापलेल्या फ्रिजमध्ये बर्फ राहत नाही. तात्या बोटीवरून उतरले आणि त्या विटांवर आमच्याकडे पाठ करून बसले.

फ्रिजमधला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला, कॉम्प्रेसर सोडवला, दार उतरवलं. मग करवतीचं पातं. शेजारी शेगडी असल्यामुळे ठिणग्या उडवणारं यंत्र वापरता येत नव्हतं. जुन्या फ्रिजच्या दोन पत्र्यांच्या मधे काचेचा कापूस असतो, तो मानेत गेला की दोन दिवस खाज जात नाही. चार तुकडे करायला मला आणि हाताखालच्या गड्याला अर्धा दिवस लागला. त्या दिवशी सकाळपर्यंत त्यातलं पाणी गार होतं. चालता फ्रिज मी त्याआधी कधी कापला नव्हता, पुन्हा कापणारही नाही.

दुपारी तात्यांनी मान न वळवता विचारलं, "मिस्तरी, हात दुखतोय का?"

"दुखतोय."

"बरं झालं."

नवा फ्रिज छोटा, छपरावरच्या सौर पट्ट्यांच्या बॅटरीवर चालणारा. दारातून सहज आत गेला. जुन्याच्या जागी, त्याच्याच उंच चौकटीवर, मागे हात जाईल एवढी जागा सोडून डाव्या भिंतीकडे पाठ करून बसवला. माथ्यावर पाणसळ ठेवली, पाय फिरवले, बुडबुडा मधोमध आणला, दार दोनदा उघडून पाहिलं. दोन्ही वेळा ते आपोआप मिटलं. पिशवी आवरली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. सकाळी आठला सुरेखाचा फोन आला.

"काका, फ्रिजचं दार उघडंच राहतंय. आन् बोट वाकडी उभीय."

नऊला पोचलो. बोट उजवीकडे कलली होती. दोन्ही काठ पाण्यापासून मोजले. उजवा डाव्यापेक्षा साडेतीन इंच खाली. फ्रिजचं दार उजवीकडे तोंड करून असल्यामुळे ते लोंबल्यासारखं उघडं पडलं होतं.

कारण कळायला वेळ लागला नाही. जुना फ्रिज स्टॅबिलायझर धरून पंचाहत्तर किलोचा. नवा बावीसचा. इतकी वर्षं ती बोट त्या वजनाच्या आधाराने सरळ उभी होती. बोट कोकणातून आल्यापासून बाकीचं सामान त्याच्याच बेताने लागलं होतं. आदल्या दिवशी मी पाणसळ लावली तेव्हा मी स्वतः आणि हाताखालचा गडी, दोघेही फ्रिजला टेकून डाव्या बाजूला उभे होतो. बुडबुडा मधोमध होता तो आमच्या वजनामुळे. आम्ही उतरलो आणि बोट खरं बोलली. फरशी हलत नाही, हे मी चौतीस वर्षं गृहीत धरलं होतं.

तात्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या हातातल्या पाणसळीकडे बघून म्हणाले, "ही बी एकटीच नाचती व्हय?"

मी आणि सुरेखाने दोन पोती वाळू भरली आणि नव्या फ्रिजच्या चौकटीखाली सरकवली. बोट सरळ झाली. अकराला साहेब आले. चाळिशीचे, कमी बोलणारे, हातात टेप आणि वही. फ्रिजची वायर तपासली, टेस्टर लावला, मान हलवली. मग खाली वाकले.

"हे काय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी वजनं सांगितली आणि बोट कशी कलली तेही सांगितलं.

"पोत्यांत किती किलो आहे?"

 आयुष्यभर 'किती फूट' या प्रश्नाला उत्तर देत आलेला माणूस मी, आणि पोती डोळ्यांच्या अंदाजाने भरली होती. सुरेखाने काटा आणण्यासाठी पाऊल उचललं.

"काटा नको, ताई," साहेब म्हणाले. "प्रश्न वाळूचा आहे. ती भिजते, वजन बदलतं. बोट हलली की पोतं सरकतं. माणसं बसणार आहेत. वजन किती ते ठरलेलं पाहिजे आणि जागेवर पक्कं बसवलेलं पाहिजे. मी एकपर्यंत आहे. त्यानंतरची फेरी दिवाळी झाल्यावर."

दिवाळीच्या आधी दसरा होता. सुरेखाने ओढणीचा पदर कमरेला खोचला आणि काठावर नजर फिरवू लागली. दगड, विटा, नांगर असं एकेक नजरेने उचलून ठेवत होती. मीही तेच करत होतो. दगडाचं वजन कुणाला माहीत असतं?

तात्या कधी उतरले, ते आमच्या लक्षात आलं नाही. पाऊण तासाने शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. मांडीवर गोणपाटाचं गाठोडं होतं आणि मोटारसायकलचं मागचं चाक दबलं होतं. गाठोडं त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. एकेक वस्तू स्वतः बोटीवर आणली आणि साहेबांच्या पुढ्यात ओळीने मांडली. तराजूची लोखंडी मापं. एक वीस किलोचं, दोन दहाची, दोन पाचची, एक दोन किलोचं, एक एक किलोचं. तेल लावलेली, काळी, गंजाचा ठिपका नाही. भंगारवाला तीनदा घरी येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा तात्यांनी त्याला हाकलला होता, हे सुरेखाने मला नंतर सांगितलं. दर खंडेनवमीला ते त्यांची पूजा करत.

साहेब उकिडवे बसले. मापांवरचे शिक्के वाचले.

"बाबा, शिक्के फार जुने आहेत. यांची मुदत केव्हाच संपली."

"शिक्का जुना झाला म्हणून लोखंड कमी झालं का, साहेब?"

साहेबांनी वहीतून डोकं वर काढलं. "विकायला चालणार नाहीत. इथे चालतील."

त्यांनी सगळ्यांना बोटीवरून उतरवलं. स्वतः मधोमध उभे राहिले आणि फक्त मला चौकटीखाली मापं ठेवायला वर घेतलं. वीस आणि दोन दहा ठेवून झाल्यावर मला मधे बोलावलं आणि काठ मोजले. उजवी बाजू अजून पाऊण इंच खाली. दोन पाच ठेवली. पुन्हा मोजलं. दोन किलोचं ठेवलं. दोन्ही काठ सारखे आले. बावन्न किलो झाले. माझ्या हिशोबाने त्रेपन्न व्हायला हवे होते, म्हणून मी एक किलोच्या मापाकडे हात केला. ते काठावर तात्यांच्या मुठीत होतं.

"पुरे," साहेब म्हणाले. "आता पक्कं करा." आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "लोखंडी मापे, एकूण बावन्न किलो, कायम बसवलेली."

"कायम म्हंजे?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे काढायची नाहीत. काढली तर परवाना रद्द."

तात्या काठावर उभे होते. चाळीस वर्षं त्यांच्या हाताखाली राहिलेली ती मापं आता फ्रिजखाली जाणार होती. त्यांनी एकदा सुरेखाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिला बहुधा त्यांच्यावर ओझं टाकायचं नव्हतं.

"बसवा, मिस्तरी," ते म्हणाले. "घट्ट बसवा. तुमच्या त्या फ्रिजावानी कापाय लागलं तरी निघू नये असं."

लोखंडी पट्टी आडवी टाकून चार बोल्ट आवळले. बारा चाळीसला काम झालं. साहेबांनी पट्टी हाताने हलवून पाहिली, सही केली.

"त्यात माझं नाव न्हाय का?" तात्यांनी विचारलं.

"मापाला नाव नसतं, बाबा."

"ते बी खरंय."

फ्रिजच्या पायांचे स्क्रू मी पुन्हा बसवले, या वेळी पाणसळीशिवाय. बोटीवर एकटाच राहून, मधे उभा राहून, दार मिटतं का एवढंच पाहिलं. मिटलं. परवान्याचा कागद दसऱ्याच्या सहा दिवस आधी हातात आला. सुरेखाने नवऱ्याला फोन लावला तेव्हा मी काठावरच होतो. "अहो, त्या गिऱ्हाइकाला न्हाय म्हणून सांगा," एवढंच ती बोलली आणि शेगडीकडे वळली.

खंडेनवमीला तिने मला जेवायला बोलावलं होतं. गेलो तर स्वयंपाकघराच्या दारातून तात्यांचे फक्त पाय दिसत होते. ते फ्रिजसमोर पोटावर आडवे पडले होते. शेजारी हळद-कुंकवाचं ताट आणि झेंडूची फुलं. हात फ्रिजखाली पार खांद्यापर्यंत घातला होता.

"तात्या, पोचतंय का?" सुरेखाने बाहेरून विचारलं.

"इसाच्याला लागलं. धाच्यांना लागलं. मागं पाचाची हाईत, तिथं न्हाय पोचत." मग माझी चाहूल लागली. "मिस्तरी, तुमचा हात लांब हाय. पडा इकडं."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी पडलो. बोट आमच्या बाजूला सावकाश झुकली. वरती फ्रिजचं दार गच्च मिटल्याचा आवाज आला.

"दोघं एकाच अंगाला नका पडू," सुरेखा म्हणाली, पण उठवायला आली नाही.

अंधारात चाचपडत मी पाचाच्या दोन्ही मापांना कुंकू लावलं, मग दोनाच्याला. उठून बसलो तेव्हा तात्यांनी कोपरीच्या खिशातून एक किलोचं माप काढलं, त्याला हळद लावली आणि सुरेखाच्या विजेवरच्या काट्यावर ठेवलं. आकडा नाचू लागला. तात्यांनी तो थोडा वेळ नाचू दिला, मग काट्यालाही कुंकवाचं एक बोट लावलं.

"तुमचं काय हाय, ते बी काढा," ते मला म्हणाले.

मी पिशवीतून पाणसळ काढून ताटात ठेवली. तिलाही त्याच कुंकवाचा टिळा लागला. बुडबुडा कुठे होता, ते मी पाहिलं नाही.